गाळाचा मूळ आकडा

नदीच्या गाळाचा नमुना घ्यायला निघताना फावडं, खुरपं, घमेलं घरीच ठेवावं लागतं. लोखंडी पात्यात मँगनीज, क्रोमियम, निकेल थोडंफार असतंच, आणि आपण शोधायला निघालो आहोत तेही हेच. त्याचं प्रमाण किलोमागे मिलिग्रॅममध्ये मोजावं लागतं, त्यामुळे पात्याचा एक ओरखडाही निकाल बिघडवू शकतो. म्हणून प्लास्टिकचं पळं, पॉलिथिनच्या जाड पिशव्या आणि आदल्या रात्री सौम्य नायट्रिक आम्लात भिजवून स्वच्छ पाण्यानं धुतलेले डबे घ्यायचे. बोटातली अंगठीही काढून ठेवायची.

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या केशोरी-गोठणगाव भागात हे काम उन्हाळ्यात सोपं पडतं. इटियाडोहचं धरण ज्या नदीवर आहे ती गाढवी पुढे गडचिरोली जिल्ह्यात शिरून वैनगंगेला मिळते. मे महिन्यात तिचं पात्र वाळूचं होतं आणि पाणी डोहाडोहांत उरतं. नवखा माणूस नदीच्या मधोमध उतरून वाळू भरून घेतो. वाळू म्हणजे बहुतांशी गारगोटी, तिला धातू फारसा धरून ठेवता येत नाही. धातू बसतो तो चिकणमातीच्या बारीक कणांवर, त्यांच्यावर चढलेल्या लोह-मँगनीजच्या तांबूस पुटावर आणि कुजलेल्या पालापाचोळ्यावर. त्यामुळे पाणी जिथे दमून थांबतं त्या जागा शोधायच्या: वळणाची आतली बाजू, मोठ्या दगडाची मागची बाजू, नाला मिळतो त्याच्या थोडं वर आणि थोडं खाली. वरचा नमुना आणि खालचा नमुना असा जोड घेतला नाही तर नाल्यानं काय आणलं ते कधीच कळत नाही.

पळं सावकाश आडवं सरकवायचं आणि वरचा पाचेक सेंटीमीटरचा थर उचलायचा. वरची साय तपकिरी असते. तिच्याखाली काळा, मऊ, सडक्या अंड्याच्या वासाचा चिखल लागतो. तिथे प्राणवायू पोचलेला नसतो आणि तांबं, जस्त, शिसं, कॅडमियम हे धातू गंधकाशी बांधले जाऊन गप्प बसलेले असतात. तपकिरी आणि काळा थर एकाच पिशवीत कालवायचे नाहीत.

काठावर बसलेल्या एका वयस्क बाबांनी विचारलं, “पानी सोडून चिखल कायले नेता जी?” प्रश्न अगदी नेमका होता. वाहतं पाणी त्या घटकेपुरतं सांगतं. काल रात्री कोणी काही सोडलं असेल तर आज ते मैलभर पुढे गेलेलं असतं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक शिशाला लिटरमागे 0.01 मिलिग्रॅम आणि कॅडमियमला 0.003 मिलिग्रॅम एवढीच मुभा देतं, आणि पुष्कळ नद्यांचं पाणी या परीक्षेत पास होतं. त्याच नदीचा गाळ मात्र वर्षानुवर्षांचा हिशेब साठवून असतो. हे सांगितल्यावर बाबा उठले आणि कोणत्या डोहात गाळ खोल आहे ते स्वतः दाखवायला आले. त्यांच्याएवढी नदी माहीत असलेला माणूस कोणत्याही प्रयोगशाळेत नसतो.

प्रयोगशाळेतलं काम संथ आणि एकसुरी आहे, पण निकाल खरा ठरतो तो तिथेच. नमुना कमी तापमानावर वाळवतात, कारण पारा उष्णतेनं उडून जातो. मग अकीकाच्या खलात ढेकळं मोडतात आणि 63 मायक्रॉनच्या नायलॉनच्या चाळणीतून चाळतात. पितळी चाळणी चालत नाही, कारण पितळ म्हणजे तांबं आणि जस्तच. चाळलेली पूड मोजून आम्लराजात, म्हणजे तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आम्लात उकळतात. तो द्राव गाळून यंत्रात जातो. प्रत्येक खेपेला एक कोरा नमुना असतो, ज्यात माती नसतेच, फक्त आम्लं. आणि एक प्रमाणित नमुना असतो, ज्यातले आकडे आधीच ठाऊक असतात. कोऱ्यात शिसं दिसलं किंवा प्रमाणिताचा आकडा जुळला नाही, तर त्या दिवसाचं सगळं काम बाद. एखाद्या अहवालात या दोन नमुन्यांचा उल्लेख नसेल तर त्यातल्या बाकीच्या तक्त्यांवर मी विश्वास ठेवत नाही.

एवढं झाल्यावर हातात एक आकडा येतो. समजा, तांबं किलोमागे 90 मिलिग्रॅम. हे जास्त की कमी? भारतात नदीच्या गाळातल्या धातूंसाठी पाण्यासारखी अधिसूचित मर्यादा नाही, म्हणून तुलना करावी लागते. जर्मन शास्त्रज्ञ म्यूलर यांनी 1969 मध्ये एक निर्देशांक दिला: सापडलेलं प्रमाण मूळ, म्हणजे प्रदूषणाआधीच्या, प्रमाणाच्या दीडपटीनं भागायचं आणि त्या भागाकाराचा दोनाच्या पायावरचा लॉगॅरिदम घ्यायचा. शून्याखाली उत्तर आलं तर गाळ स्वच्छ, त्यावर चढत्या सहा पायऱ्या. दीडपट कशासाठी, तर खडकाखडकातला नैसर्गिक फरक प्रदूषण म्हणून मोजला जाऊ नये यासाठी. सूत्र सोपं आहे, सगळी मेख ‘मूळ प्रमाणा’त आहे.

बहुतेक जण तिथे टुरेकियन आणि वेडेपोल यांनी 1961 साली प्रसिद्ध केलेली जगभरच्या शेल खडकाची सरासरी घालतात. त्यात तांबं 45 आहे. आपल्या 90 ला ते लावलं तर उत्तर 0.4 येतं, म्हणजे जेमतेम पहिली पायरी. आता हाच गाळ पुण्याच्या मुळा-मुठेचा आहे असं धरा. तिथला खडक दख्खनचा बसाल्ट, त्यात तांबं मुळातच भरपूर. मूळ आकडा 200 धरला तर उत्तर उणे 1.7, म्हणजे नदी निर्दोष. आणि हाच गाळ केशोरीचा असेल तर? इकडे दख्खनचा बसाल्ट नाही. गोंदियाचा हा दक्षिणेकडचा भाग फार जुन्या ग्रॅनाइटी खडकांचा, आणि अशा खडकात तांबं थोडंच असतं. मूळ आकडा 20 धरला तर उत्तर 1.6, म्हणजे दुसरी पायरी, प्रदूषण नक्की. चिखल तोच, यंत्र तेच, निवाडे मात्र तीन.

म्हणूनच केशोरीसारख्या ठिकाणचा गाळ मला मोलाचा वाटतो. इथे मोठा कारखाना नाही, म्हणून इकडे कोणी नमुने घ्यायला फिरकत नाही. सगळ्यांचं लक्ष नागपूरचं सांडपाणी घेऊन कन्हानला आणि तिच्यातून वैनगंगेला मिळणाऱ्या नाग नदीकडे. ते योग्यच आहे. पण वैनगंगेच्या खोऱ्यातल्या गाळावर निवाडा द्यायचा तर या खोऱ्याचे स्वतःचे मूळ आकडे हवेत, आणि ते गाढवीसारख्या उपनद्यांतून आणि कोहळी समाजानं पिढ्यान्‌पिढ्या बांधलेल्या तलावांतूनच मिळतील. माजी मालगुजारी तलाव, म्हणजे इथल्या बोलण्यातले ‘मामा तलाव’, यांच्या तळाशी रासायनिक खतं येण्याआधीच्या काळाचा गाळ थरांनी बसलेला आहे. उभी नळी ठोकून तो काढता येतो आणि शिसे-210 या किरणोत्सारी धातूवरून गेल्या शंभरेक वर्षांतल्या थरांचं वय ठरवता येतं.

कारखाना नाही म्हणजे धातू येत नाहीत असंही नाही. केशोरीची लाल मिरची या भागात नावाजलेली. मिरचीवर बुरशी आली की कॉपर ऑक्सिक्लोराइडची किंवा मोरचूद-चुन्याच्या बोर्डो मिश्रणाची फवारणी होते, आणि दोन्हींत तांबं आहे. स्फुरदाच्या खतात खनिजातूनच आलेलं कॅडमियम असू शकतं. मूर्तींच्या रंगातलं आणि मासेमारीच्या जाळ्याला बांधलेल्या मण्यांमधलं शिसं तलावातच राहतं.

आणि हा गाळ आता तळाशी राहत नाही. राज्यात 2017 पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आहे: उन्हाळ्यात तलाव उपसायचा, गाळ शेतात पसरायचा. योजना चांगली आहे. तलावाची साठवण वाढते आणि हलक्या जमिनीला अंग येतं. पण ज्या काळ्या थरात धातू गंधकाशी बांधलेले होते तो ट्रॅक्टरमधून उन्हात आला की त्याला हवा लागते, गंधकाची गाठ सुटते आणि धातू मोकळे होतात. भाताच्या बांधीत पाणी उभं असेपर्यंत कॅडमियम पुन्हा बांधलेलं राहतं. कापणीआधी पाणी तोडलं की ते सुटतं आणि दाण्यात जाऊ शकतं. आर्सेनिकचं याच्या नेमकं उलट, ते तुंबलेल्या पाण्यातच सुटतं. जपानमधल्या जिंझू नदीकाठी खाणीचं कॅडमियम पाटाच्या पाण्यानं भातात उतरलं आणि माणसांची हाडं मोडू लागली, त्या रोगाचं नाव इताई-इताई. केशोरीत तसं काही आहे असं कोणी समजू नये. भात धातू कसा उचलतो ते मात्र तिथे दिसलं.

निघताना त्याच बाबांनी विचारलं, “मंग हा गाळ मिरचीच्या वावरात टाकू का नोको?” मी त्यांना सांगितलं की एकूण धातू किती, एवढ्यावर याचं उत्तर मिळत नाही. त्यातला किती सहज सुटणारा आणि किती दगडात कायमचा अडकलेला, हे पाहावं लागतं. त्यासाठी टेसिए आणि सहकाऱ्यांची 1979 ची पाच टप्प्यांची पद्धत आहे: एकापाठोपाठ एक तीव्र होत जाणारे द्राव लावून तोच नमुना पाच वेळा धुवायचा. सोबत जमिनीचा सामू हवा, कारण आम्लधर्मी जमिनीत धातू लवकर सुटतात. बाबांनी ऐकून घेतलं, आपल्या वावराची मातीही न्यायला सांगितली आणि कोणत्या कोपऱ्यात मिरची नीट येत नाही ते बोट करून दाखवलं. त्या कोपऱ्याची वेगळी पिशवी भरली, पेन्सिलीनं चिठ्ठी लिहून आत टाकली. शाईची चिठ्ठी ओल्या मातीत पुसते.