टीव्ही भिंतीवर टांगताय? आधी भिंत कोणती आहे ते बघा

रमजानचा शेवटचा अशरा आला की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या दुकानांत कपड्यांबरोबर टीव्हीचीही खरेदी सुरू होते. मुलांचे ऑनलाइन क्लास, हरम शरीफमधली तरावीह, ईदनंतरचे क्रिकेट, सगळे त्याच पडद्यावर. (टीव्ही घरात असावा की नसावा, हा वाद आज आम्ही उकरत नाही. ज्यांनी घेतला आहे किंवा घ्यायचा ठरवला आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय.) दुकानदार सांगतो, "उद्या मुलगा येईल, लावून देईल." मुलगा येतो, वीस मिनिटांत चार भोके पाडतो, टीव्ही टांगतो आणि पुढच्या घरी जातो. टीव्हीची त्याला रोजची सवय असते, पण तुमची भिंत तो पहिल्यांदाच बघत असतो.

आमच्या ओळखीचे एक कुटुंब कुर्ल्याच्या चाळीतून बदलापूर पूर्वेला नव्या इमारतीत राहायला गेले. ४३ इंची टीव्ही भिंतीवर लावला. दीड-दोन महिन्यांनी पहाटे आवाज झाला म्हणून सगळे उठले, तर टीव्ही पट्टीसकट खाली. पट्टीचे स्क्रू आणि त्याभोवतीच्या प्लॅस्टिकच्या गिट्ट्या जशाच्या तशा बाहेर आल्या होत्या आणि जमिनीवर मूठभर पांढरी भुकटी. दिवसा त्याच जागी धाकटी मुलगी खेळायची. घर मजबूत होते, टीव्हीही चांगला होता. फक्त विटेच्या भिंतीत वापरतात त्या गिट्ट्या सिपोरेक्सच्या भिंतीत ठोकल्या होत्या.

आपल्या तीन शहरांत चार-पाच तऱ्हेच्या भिंती आहेत आणि प्रत्येकीची पकड वेगळी आहे. जुन्या इमारतींत आणि चाळींत लाल विटेची भिंत असते, चार इंची किंवा नऊ इंची, वर वाळू-सिमेंटचे प्लास्टर. गेल्या काही वर्षांत अंबरनाथ-बदलापूरला उभ्या राहिलेल्या बऱ्याच इमारतींत एएसी ब्लॉक असतात. गवंडी त्यालाच सिपोरेक्स म्हणतात. हा ब्लॉक आतून पावासारखा सच्छिद्र असतो, वजनाला लाल विटेच्या साधारण एक तृतीयांश, पाण्यात टाकला तर तरंगतो. मोठ्या संकुलांत मिवान पद्धतीच्या इमारती असतात. तिथे वीट नसतेच, सगळी भिंत काँक्रीटची. शिवाय हॉलचे दोन भाग करायला घातलेली प्लायची किंवा जिप्सम बोर्डाची पार्टिशन असतात. उल्हासनगरच्या कॅम्पांत, जुन्या बराकींना जोड देत वाढलेल्या घरांत तर एकाच खोलीत दोन-तीन तऱ्हा सापडतात.

भिंत ओळखायची कशी? आधी बोटाच्या गाठीने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर पार्टिशन असेल किंवा प्लास्टर विटेपासून सुटलेले असेल. खरी खूण मात्र पहिल्या भोकातून पडणाऱ्या भुकटीची. लाल भुकटी म्हणजे वीट. राखाडी भुकटी, वर ड्रिल मशीन अडखळतेय, आत जाता जात नाही, म्हणजे काँक्रीट. पांढरट भुकटी आणि बिट लोण्यात शिरल्यासारखा आत गेला तर सिपोरेक्स. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. नव्या घरांत वरचे प्लास्टरच जिप्समचे असते, त्यामुळे पहिला अर्धा इंच सगळीकडेच पांढरी भुकटी पडते. निर्णय त्याच्या पुढच्या थरावर करायचा.

विटेत ८ किंवा १० मिलिमीटरची चांगली नायलॉनची गिट्टी आणि दोन-अडीच इंची स्क्रू पुरतो. अट अशी की गिट्टी प्लास्टरमध्ये नाही, विटेत बसली पाहिजे. प्लास्टरच अर्धा इंच खाते, म्हणून एक इंची गिट्टी ही केवळ नावाची पकड. बिट दोन विटांच्या सांध्यात शिरला आणि वाळू गळू लागली तर भोक इंच-दोन इंच सरकवा. काँक्रीटमध्ये अँकर फास्टनर उत्तम धरतो. सळई लागली तर ती कापायची नाही, जागा बदलायची. सिपोरेक्समध्ये ड्रिलची हॅमर क्रिया बंद ठेवून नुसते फिरवत भोक पाडायचे, नाहीतर ते आतून मोठे होते. तिथे एएसी ब्लॉकसाठीच बनवलेल्या लांब गिट्ट्या मागा. मोठा टीव्ही असेल तर केमिकल अँकर वापरतात. नुसते फुगून धरणारे धातूचे फास्टनर या ब्लॉकला चुरडतात. प्लाय किंवा जिप्समच्या पार्टिशनवर टांगायचे तर स्क्रू आतल्या लाकडी किंवा लोखंडी चौकटीतच गेले पाहिजेत. तशी चौकट नसेल तर तिथे टीव्ही नको.

आता ब्रॅकेटबद्दल. टीव्हीच्या पाठीवरच्या चार भोकांतल्या अंतराचे माप ठरलेले आहे, त्याला व्हेसा म्हणतात. १००×१००, २००×२०० असे मिलिमीटरमध्ये लिहिलेले असते. ब्रॅकेट त्याच मापाचा हवा आणि स्क्रूही टीव्हीच्या पुस्तिकेत दिलेलेच. लांब स्क्रू आत घुसून पॅनेल फोडू शकतो. भिंतीला चिकटून राहणारा साधा ब्रॅकेट आणि पुढे ओढून वळवता येणारा हात असलेला ब्रॅकेट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. समजा टीव्ही ९ किलोचा आहे, हात ४० सेंटिमीटर पुढे ओढला आणि पट्टीचे वरचे-खालचे स्क्रू २० सेंटिमीटर अंतरावर आहेत. मग वरच्या स्क्रूंना बाहेर खेचणारा जोर साधारण १८ किलोचा होतो. त्याला २० किलोचे पोर लोंबकळले तर तोच जोर ५८ किलोच्या आसपास जातो. लहान मुलांच्या घरात, सिपोरेक्सच्या भिंतीवर हा फिरता ब्रॅकेट आम्ही तरी सुचवणार नाही.

जुन्या इमारतींचे थोडे सविस्तर सांगायला हवे. मे २०२१ मध्ये उल्हासनगरात दोन आठवड्यांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. त्यातल्या दुसऱ्या, नेहरू चौक परिसरातल्या घटनेत सात जणांचा जीव गेला. नव्वदच्या दशकात उलवा रेतीने बांधलेल्या इमारतींची चर्चा तेव्हा शहरभर झाली. टीव्हीच्या आठ-दहा किलोंनी इमारत पडत नाही, ती भीती बाळगू नका. पण भिंत तपासताना जे दिसते ते दुर्लक्षूही नका. प्लास्टरचे पोपडे, बीमच्या खालून जाणारी लांब भेग, गंजाचे तांबूस डाग, उघडी पडलेली सळई यांतले काही दिसले तर आतले लोखंड गंजून फुगते आहे. अशा बीमला, कॉलमला ड्रिल लावायचेच नाही. टीव्ही बाजूला ठेवा आणि सोसायटीत विषय काढा. ३० वर्षांपुढच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे बंधनकारक आहे. नवीन टीव्ही घरात आला की भिंत निदान एकदा तरी जवळून बघितली जाते, तेवढा फायदा पदरात पाडून घ्यावा.

चाळीत अजून एक प्रश्न येतो, तो शेजाऱ्याचा. मधली भिंत चार इंची असते आणि दोघांची असते. तुमच्या ड्रिलने त्यांच्या बाजूचे प्लास्टर सुटू शकते, त्यांच्या भिंतीवरचे कपाट हलू शकते. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून आलेली एक हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. शेजाऱ्याला आपल्या भिंतीत लाकूड बसवायचे असेल तर त्याला अडवू नये, असा तिचा आशय. इमाम अहमद बिन हंबल यांनी हा शेजाऱ्याचा हक्क मानला. बहुसंख्य उलेमांनी ही चांगुलपणाची शिकवण म्हणून घेतली, म्हणजे परवानगी विचारायचीच. भिंतीचे नुकसान होणार असेल तर मात्र कोणाच्याच मते तो हक्क उरत नाही. तेव्हा ड्रिल सुरू करण्याआधी शेजारच्या भाभींना किंवा काकूंना सांगून या, दुपारी कोणी झोपलेले असते, कोणी आजारी असते. शेजारी कोणत्या धर्माचा आहे याने यात काही फरक पडत नाही.

भिंत कोणती निवडावी? आपल्याकडे किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला. वन रूम किचनमध्ये जिथे नमाज होते तिथेच बहुधा टीव्ही असतो. पश्चिमेच्या भिंतीवर टीव्ही लावला की बंद असतानाही त्या काळ्या काचेत नमाजी स्वतःलाच दिसतो, लक्ष विचलित होते. दुसरीकडे सोय नसेल तर नमाजच्या वेळी वर कापड टाका. मसला म्हणून शंका असेल तर तुमच्या मशिदीच्या इमामसाहेबांना विचारा. पण पश्चिमेची भिंत टाळायला एक साधे कारणही आहे. आपल्याकडचा पाऊस नैऋत्येकडून येतो. इमारतीच्या दक्षिण आणि पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतींवर तो जून ते सप्टेंबर झोडपत राहतो, आणि ओल याच भिंतींत आधी उतरते. ओल्या भिंतीत स्क्रू गंजतात, प्लास्टर भुसभुशीत होते आणि टीव्हीच्या पाठीला सतत दमट हवा लागते. शक्यतो घराच्या आतली, दोन खोल्यांमधली भिंत घ्या. फक्त तिच्या पलीकडे बाथरूम नाही ना ते बघा. पाइप तिथूनच गेलेले असतात.

वायरीही भिंतीतून जातात. स्विच बोर्ड किंवा सॉकेटच्या सरळ वर आणि सरळ खाली भोक पाडायचे नाही. मेन बंद करून काम होत नाही, कारण ड्रिललाच लाइट लागतो. म्हणून जागा निवडतानाच सांभाळा, हवे तर दुसऱ्या सर्किटवरून लाइट घ्या आणि ज्या भागात काम आहे तिथला एमसीबी पाडा.

उंचीची चूक तर घरोघरी आहे. हॉटेलात असतो तसा टीव्ही छताजवळ लावतात आणि मग सगळ्यांच्या माना दुखतात. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या आसपास हवा. सोफ्यावर बसणाऱ्यांसाठी तो जमिनीपासून साधारण साडेतीन फूट येतो. सतरंजीवर बसणाऱ्या घरात याहून खाली चालतो, पण मग लहान मुलांचे हात पोहोचतात, म्हणून तिथेही साडेतीन फुटांचाच मध्य ठेवावा असे आमचे मत. ४३ इंची टीव्ही साधारण ३८ इंच रुंद आणि २१-२२ इंच उंच असतो. तेवढा वर्तमानपत्राचा कागद भिंतीला चिकटवून एक संध्याकाळ समोर बसून बघा.

बदलापूर पश्चिमेला उल्हास नदीच्या बाजूला तळमजल्यावर राहणाऱ्यांनी पाण्याचा विचार आधी करावा. २००५ चा जुलै कोणी विसरलेले नाही. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली, तेव्हाही नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले होते. अशा घरात वर उचलून काढता येणारा, हुकाचा ब्रॅकेट घ्या. खालचा लॉक स्क्रू सोडला की दोघे जण टीव्ही काढून वरच्या मजल्यावर नेऊ शकतात. सॉकेट, सेट टॉप बॉक्स आणि एक्स्टेंशन बोर्ड मात्र लोक जमिनीलगत ठेवतात, तेही टीव्हीच्या उंचीला न्या.

भाड्याच्या घरात मालकाला विचारल्याशिवाय भोक पाडू नका. व्हॉट्सअॅपवर दोन ओळींत परवानगी घेऊन ठेवली की घर सोडताना डिपॉझिटवरून वाद होत नाही. भोके पांढऱ्या सिमेंटने किंवा पुट्टीने बुजवून द्यायची. मालक नाहीच म्हणाला तर टीव्ही टेबलावर ठेवा, पण नुसता नाही. पातळ पायांचा टीव्ही मुलाने कडेला धरून उभे राहायचा प्रयत्न केला तरी पुढे कलंडतो. टेबल रुंद आणि बुटके हवे, टीव्ही पाठीमागून पट्ट्याने टेबलालाच बांधलेला हवा आणि रिमोट किंवा खेळणे त्याच्यावर ठेवायचे नाही.

लावणारा मुलगा येतो तेव्हा घरात बहुतेक वेळा अम्मी किंवा भाभीच असतात. त्यांनी बिनधास्त भुकटी बघायला मागावी, गिट्टी हातात घेऊन लांबी बघावी, चारही स्क्रू लावले की नाही ते मोजावे. पट्टी बसल्यावर टीव्ही चढवण्याआधी दोन्ही हातांनी ती जोरात खाली आणि पुढे ओढायला सांगावे. किंचितही हलली, भुकटी गळली, तर भोक चुकले आहे. तो म्हणेल, "काही होत नाही, ताई." त्याला पुन्हा पाडायला लावा. पहिला पावसाळा संपला की एकदा तसेच हात लावून बघा, विशेषतः भिंतीला ओल आली असेल तर.