पायांवरची अंघोळ

नांदेडच्या देगलूर नाक्यावर काय किंवा लातूरच्या गंजगोलाईजवळच्या गल्ल्यांत काय, घरात बाळ आले की त्याच्या अंघोळीचा ताबा दादीकडे नाहीतर नानीकडे जातो. पाटावर बसून पाय लांब करायचे, बाळाला नडग्यांवर पालथे घालायचे, तेल चोळायचे आणि तांब्याने पाणी सोडायचे. ही पद्धत सोडून द्या, असे आम्ही म्हणणार नाही. पालथे पडलेले बाळ मान उचलू पाहते, तो त्याचा पहिला व्यायामच. फक्त नाक-तोंड मोकळे हवे. आमचा आक्षेप आहे तो घाईला, कढत पाण्याला आणि जोराला.

पोटातल्या उबेतून आलेले बाळ पटकन गारठते. म्हणून पहिली अंघोळ जन्मानंतर किमान २४ तासांनी घालावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तोवर अंग कोरडे करून, टोपी घालून बाळाला आईच्या छातीशी ठेवावे. पुढे नाळ गळेपर्यंत ओल्या मऊ कापडाने पुसणे पुरेसे असते. नाळेला हळद, राख, तेल काहीच लावू नये.

इथेच अकीक्याचा पेच येतो. सातव्या दिवशी जावळ काढले की घरातली वडीलधारी म्हणतात, आता डोक्यावरून पाणी घाला. नाळ मात्र पुष्कळदा तशीच असते. अशा वेळी डोके ओल्या कापडाने पुसा, लगेच कोरडे करा, टोपी घाला. बाळ अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे असेल, तर अंघोळीची घाई मुळीच नको. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी घरी येतात, पुढेही ४२ दिवसांपर्यंत येत राहतात. त्यांना विचारूनच सुरुवात करावी.

दादीच्या हातांना आयुष्यभर चुलीची, गरम तव्याची सवय. त्या हातांना कोमट लागणारे पाणी बाळाला पोळते. पाणी कोपराने पाहावे. बादलीत आधी थंड पाणी, मग गरम, आणि तेही बाळाला पायांवर घेण्यापूर्वी. हीटरचा रॉड लावलेली बादली न्हाणीघरात असताना बाळाला तिथे नेऊच नये.

तेल खोबऱ्याचे असो की तिळाचे, हात हलका हवा. नाक ओढणे, कानात-नाकात तेल सोडणे, छाती पिळून ‘दूध काढणे’ हे मात्र बंदच करायला हवे. छाती पिळल्याने तिथे पू होतो, नाकातले तेल फुप्फुसात उतरू शकते. बंद खोलीत शेगडीचा धूरही नको.

रोज अंघोळ झालीच पाहिजे असेही नाही. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले, ते दिवस कोण विसरेल? टंचाईत बाळाला रोज न्हाऊ घालता आले नाही म्हणून कोणत्याही आईने मनाला लावून घेऊ नये. आठवड्यातून दोन-तीनदा पुरते. एरवी मान, काखा, जांघा पुसून घ्याव्यात.

आणि न्हाऊ घालताना गप्प बसू नका. बाळाला सुरुवातीला वीतभर, फार तर वीत-दीड वीत अंतरावरचेच नीट दिसते, म्हणजे मांडीवरून आईचा चेहरा. तिचा आवाज तर ते पोटात असल्यापासून ऐकत आलेले असते. ‘हा हात, हा पाय’ असे सांगत तेल लावा, घरात बोलता त्याच बोलीत, मग ती दखनी असो की मराठी. बोलून क्षणभर थांबा. दीड-दोन महिन्यांचे बाळ हसून किंवा हुंकारून उत्तर देते. हे काम अब्बांनीही करावे. बहुतेक घरांत ते दारातून पाहतात आणि टॉवेल देऊन जातात.

बाळ बसू लागले की टबचा मोह होतो. टबात चार बोटे पाणीसुद्धा बुडायला पुरते, आणि बुडणारे बाळ ओरडत नाही. मोबाईल वाजला तर वाजू द्या. उठावेच लागले, तर बाळाला टॉवेलात गुंडाळून सोबत न्या.