वडिलांचा कंपवात आणि घरचीं माणसें

घरांतील कर्त्या पुरुषाची सही एके दिवशीं बँकेंत जुळेनाशी होते. वळण तेंच असतें. परंतु पहिलें अक्षर नेहमीएवढें आणि पुढचीं मात्र मुंग्यांच्या रांगेसारखीं लहान लहान होत गेलेलीं. कारकून कागद परत करतो, बरोबर आलेला मुलगा चिडतो, आणि वडील मुकाट्यानें पुन्हां लेखणी उचलतात. पुष्कळ घरांत कंपवाताची वर्दी अशी येते. कधीं चालतांना एका बाजूचा हात हालेनासा होतो, कधीं फुलांचा वास येईनासा होतो, मलावरोध जडतो, किंवा माणूस झोपेंत ओरडून हातपाय झाडूं लागतो. हीं सारीं म्हातारपणाचीं चिन्हें समजून कोणी त्यांकडे लक्ष देत नाहीं. हात कांपूं लागला म्हणजे मात्र डॉक्टरांकडे धांव घेतली जाते; आणि कांहीं रोग्यांचा तर हात शेवटपर्यंत कांपतच नाहीं.

लंडनचा वैद्य जेम्स पार्किन्सन यानें १८१७ सालीं या रोगावर एक निबंध प्रसिद्ध केला व पुढें त्याचेंच नांव रोगास पडलें. मेंदूच्या आंत, खालच्या बाजूस, काळसर पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. त्या पेशी डोपामिन नांवाचें द्रव्य निर्माण करतात. गुंडी लावणें, कूस बदलणें, पाऊल उचलणें हीं कामें निरोगी माणसाच्या हातून विचार न करतां होतात, त्यास हें द्रव्य अवश्य लागतें. कंपवातांत या पेशी हळूहळू मरत जातात, आणि अंगवळणीं पडलेलें प्रत्येक काम रोग्यास पहिल्या दिवशीं शिकल्याप्रमाणें लक्ष देऊन करावें लागतें. तो आळशी झालेला नसतो. त्याचे कष्ट मात्र दुप्पट झालेले असतात.

हा रोग मुळापासून बरा करणारें औषध अद्यापि नाहीं. तथापि १९६० नंतरच्या दशकांत लेव्होडोपा हें औषध उपयोगांत आलें आणि अंथरुणास खिळलेलीं माणसें पुन्हां चालूं लागलीं. मेंदूंत गेल्यावर त्याचें डोपामिन होतें. आपल्या रानांत उगवणाऱ्या खाजकुइलीच्या बियांतून हेंच द्रव्य मद्रास येथील संशोधकांनीं १९३७ सालीं वेगळें काढलें होतें. परंतु म्हणून डॉक्टरांच्या गोळीबरोबर तें चूर्ण त्यांस न सांगतां देणें युक्त नव्हे. मात्रा दुप्पट होण्याचा धोका असतो.

रोग जुना होऊं लागला कीं एका गोळीचा अंमल पूर्वींइतका वेळ टिकत नाहीं. सकाळीं स्वतः दाढी करणारे वडील दोन तासांनीं खुर्चींतून उठूं शकत नाहींत. घरच्यांस हें ढोंग वाटतें. तें ढोंग नसतें. औषध ओसरलेलें असतें. यास्तव गोळीची वेळ घड्याळाप्रमाणें पाळावी. दूध, डाळ, अंडीं यांतील प्रथिनें गोळीच्या मार्गांत आड येतात. म्हणून डॉक्टरांस विचारून ती जेवणापूर्वीं अर्धा ते एक तास द्यावी. डाळ मात्र मुळींच बंद करूं नये. गोळी एकाएकीं थांबविणें घातक असतें. दुसऱ्या कारणानें रुग्णालयांत जावें लागल्यास औषधांची वेळांसह यादी बरोबर न्यावी, आणि उलटीवर देण्यांत येणारीं कांहीं औषधें या रोगांत अपाय करतात हें तेथील डॉक्टरांच्या कानावर घालावें.

घरांतील पुष्कळशीं भांडणें रोग्याच्या चेहऱ्यावरून होतात. चेहऱ्याचे स्नायू ताठरतात, पापण्या कमी लवतात, आवाज बसतो. नातू बक्षीस घेऊन येतो व आजोबांच्या मुद्रेवर कांहींच उमटत नाहीं. मूल हिरमुसतें, सून म्हणते, मामंजींस कौतुक म्हणून नाहीं. कौतुक असतें, तें दाखविणारा चेहरा राहिलेला नसतो. एवढी एक गोष्ट मुलांस समजावून सांगितली तरी घरांतील निम्मा दुरावा जाईल.

दाराच्या उंबरठ्याशीं रोग्याचे पाय जमिनीस चिकटल्यासारखे होतात. अशा वेळीं मागून ढकलूं नये किंवा हात ओढूं नये, तो पडेल. थांबावें, श्वास घेऊं द्यावा, आणि एक, दोन असे आंकडे मोजावे. फरशीवर खडूनें आडव्या रेघा काढल्या तर ज्याचें पाऊल उचलत नव्हतें तो माणूस रेघ ओलांडून जातो, कारण डोळ्यांपुढें खूण असली म्हणजे मेंदूस दुसरी वाट सांपडते. सतरंज्या गुंडाळून ठेवाव्या, न्हाणीघरांत धरावयास दांडी बसवावी, घांस ताठ बसवून भरवावा. चहा पितांना वारंवार ठसका लागूं लागला तर तें डॉक्टरांस लगेच सांगावें.

परंतु सेवा म्हणजे सर्व कांहीं आपण करणें नव्हे. सदऱ्याच्या गुंड्या लावावयास वडिलांस दहा मिनिटें लागत असतील तर तीं दहा मिनिटें त्यांस द्यावीं. मुलगा घाईनें त्या लावून देतो तेव्हां वेळ वांचतो, पण वडिलांच्या हातचें एक काम कायमचें जातें. तसेंच डॉक्टरांसमोर त्यांच्या वतीनें मुलानेंच बोलणें हें वाईट. आवाज बारीक झाला म्हणून मत बारीक झालेलें नसतें.

पैशाच्या व इस्टेटीच्या गोष्टी वडिलांची बुद्धि शाबूत आहे तोंवर त्यांच्याशींच बोलाव्या. पुढें कित्येकांच्या स्मृतीवरहि रोगाची छाया पडते. मृत्युपत्र तेव्हांच करावें. मुखत्यारपत्रावर सर्वस्वीं विसंबूं नये, कारण तें करून देणाऱ्याची बुद्धि गेल्यावर तें चालत नाहीं. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानें पार्किन्सनच्या रोगास अपंगत्वाच्या यादींत स्थान दिलें आहे, त्याचा दाखला मागण्यांत कमीपणा मानूं नये.

एक गोष्ट बहुधा कोणी उघड बोलत नाहीं. हा रोग पंधरा-वीस वर्षें चालतो, आणि "आम्ही वडिलांना संभाळतों" असें मुलगा म्हणतो तेव्हां रात्रीं चार वेळां उठणारी सून किंवा स्वतः सत्तरीची झालेली आई असते. तिची झोप हेंहि औषधाइतकेंच महत्त्वाचें आहे. भावाबहिणींनीं रात्रीं वांटून घ्याव्या. दूरच्यानें निदान महिन्यांतले चार दिवस द्यावे. थकून ती कधीं चिडली तर तो तिचा दुष्टपणा नव्हे. कोणी येऊन बदली करण्याची वेळ झाली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आणि ती सही? हात अगदींच चालेनासा झाला तर दोन साक्षीदारांसमक्ष अंगठा उठविण्याची सोय बँकेंत असते. परंतु तो दिवस येईपर्यंत लेखणी वडिलांच्याच हातीं असावी. आंखलेल्या रेघांवर, मोठें अक्षर काढण्याचें मनांत धरून लिहिलें तर कंपवाताचें अक्षरहि पुष्कळदां मोठें निघतें. एके काळीं त्यांनींच मुलाचा हात धरून पाटीवर अक्षर गिरविलें होतें. तेव्हां त्यांनीं घाई केली नव्हती. आतां मुलानें करूं नये.