गाडीच्या पाठीला डोळे

जबलपूरला गाड्यांचे गाव म्हटले तर वावगे ठरू नये. लष्कराचे शक्तिमान ट्रक आणि जोंगा गाड्या इथल्याच कारखान्यांतून बाहेर पडल्या. ‘जोंगा’ हे नावही जबलपूरच्या कारखान्यांच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून आले. अशा गावात सुटीच्या दिवशी एखादे गृहस्थ पाना-पक्कड घेऊन स्वतःच गाडीला मागचा कॅमेरा बसवताना दिसले, तर नवल नाही. पण ही केवळ हौस आहे का?

आरशात न दिसणारी जागा
गाडी मागे घेताना आरशात रस्ता दिसतो, बंपरला लागून असलेली जमीन दिसत नाही. तिथे बसून खेळणारे दोन-तीन वर्षांचे मूल चालकाच्या नजरेआड असते. असे अपघात बहुधा घराच्या अंगणात, फाटकाजवळ होतात आणि चालक अनेकदा घरातलाच असतो.

२००२ मध्ये अमेरिकेतील एका बालरोगतज्ज्ञाची गाडी मागे येताना त्याचाच दोन वर्षांचा मुलगा कॅमरन तिच्याखाली सापडून दगावला. त्या पित्याने हा प्रश्न लावून धरला आणि २००८ मध्ये या बालकाच्या नावाचा कायदा झाला. मे २०१८ पासून तिथे प्रत्येक नव्या मोटारीला मागचा कॅमेरा सक्तीचा आहे. २०१४ मध्ये नियम करताना तिथल्या सरकारचा अंदाज होता, की अशा अपघातांत वर्षाला सुमारे २१० माणसे मरतात. त्यांत ३१ टक्के पाच वर्षांखालील मुले आणि २६ टक्के सत्तरी गाठलेले वृद्ध होते. ज्या घरात नातवंडे आणि आजी-आजोबा एकत्र नांदतात, तिथे हे आकडे विसरून चालणार नाही.

भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचे सेन्सर सक्तीचे झाले. सेन्सर आवाज करून इशारा देतो, पण मागे कुंडी आहे की मूल, हे सांगत नाही. आणि त्याआधीच्या कित्येक गाड्यांना तोही नाही.

घरी बसवताना
संचात कॅमेरा, लांब केबल आणि छोटा पडदा असतो. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण (−) तार सोडवावी. कॅमेरा नंबर प्लेटच्या वर मधोमध लावावा, मात्र प्लेटवरचा एकही अंक झाकला जाऊ नये. छिद्र पाडावे लागलेच तर कडांना रंग लावावा, नाहीतर एका पावसाळ्यातच गंज धरेल.

रिव्हर्स गिअर टाकताच मागचा पांढरा दिवा लागतो. कॅमेऱ्याची लाल तार या दिव्याच्या धन (+) तारेला आणि काळी तार गाडीच्या धातूच्या सांगाड्याला जोडतात. त्यामुळे गिअर पडताच कॅमेरा आपोआप सुरू होतो. जोड नुसता पीळ देऊन सोडू नये. पक्का करून त्यावर इन्सुलेशन चढवावे आणि पडद्याच्या वायरला फ्यूज घालावा. केबल डिकीच्या रबरी नळीतून आणि दारांच्या पट्टीखालून पुढे न्यावी. एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना हात लावू नये. गाडी नवी असेल, तर वायर कापल्याने वॉरंटीवर परिणाम होतो का, हे आधी विचारावे. वायरिंगचा सराव नसेल, तर ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलावणेच शहाणपणाचे.

पुढच्या काचेवर कॅमेरा लावायचा असल्यास तो मधल्या आरशाच्या मागे बसवावा, म्हणजे चालकाच्या नजरेआड येत नाही. गाडी उभी असतानाही तो चालू राहणार असेल, तर बॅटरी उतरू शकते. जबलपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात हलका गोंद सुटतो, म्हणून चिकटपट्टी चांगल्या प्रतीची घ्यावी.

खडूची परीक्षा
कॅमेरा लागला की अंगणात बंपरपासून एक, दोन आणि तीन मीटरवर खडूने रेघा ओढाव्यात. त्या पडद्यावर कुठे येतात, ते घरातल्या प्रत्येक चालकाने पाहून ठेवावे, कारण रुंद भिंगातून जवळची वस्तू लांब भासते. मग मुलाच्या उंचीची बादली किंवा स्टूल इकडेतिकडे ठेवून कुठल्या कोपऱ्यात ते दिसेनासे होते, हेही तपासावे. चित्र उजवे-डावे उलटे तर दिसत नाही ना, हेही याच वेळी कळते.

राइट टाउनच्या बंगल्यातील अंगण असो की फुहाऱ्याजवळची चिंचोळी गल्ली, कॅमेरा लागला म्हणून जबाबदारी सरत नाही. पावसात भिंगावर चिखल उडतो, धूळ बसते. ते रोज फडक्याने पुसावे. चाकांच्या बाजूने धावत येणारे मूल पडद्यावर यायला उशीर होऊ शकतो. म्हणून गाडीत बसण्यापूर्वी तिच्याभोवती एक फेरी मारावी, मुले कुणाजवळ आहेत हे विचारावे आणि मगच किल्ली फिरवावी. या फेरीला अर्धे मिनिटही लागत नाही.