टोकं आवरायचा तास

क्रोशा आता आजीच्या तोरणापुरता उरलेला नाही. कीर्ती कॉलेजबाहेरच्या वडापावच्या रांगेत असो की रुईयाच्या नाक्यावर, कुणाच्या तरी खांद्यावर क्रोशाची टोट बॅग दिसतेच. रील्स बघून साखळी, मुका खांब आणि खांब जमायला एक वीकेंड पुरतो. खरी परीक्षा पहिला गुंडा संपल्यावर. नवा धागा जोडायचा कसा आणि लोंबणाऱ्या टोकांचं करायचं काय?

बरेच जण सरळ गाठ मारतात आणि टोक कापून मोकळे होतात. टेबलावरच्या रुमालाला ते खपून जातं. पण बॅगेत डबा, बाटली आणि जर्नल्स कोंबून दादरला लोकल पकडली की ताण त्या गाठीवर येतो. सुती किंवा अॅक्रिलिक धाग्याला लोकरीसारखी पकड नसते. गाठ हळूहळू सरकते, सुटते आणि शेजारचे टाके उसवायला लागतात.

म्हणून धागा वीतभर उरला की थांबा. खांब पूर्ण होण्याआधी सुईवर दोन फास असतात. तिथे जुना धागा सोडून नवा घ्या आणि दोन्ही फासांतून ओढा. दोन्ही धाग्यांची टोकं किमान सहा इंच ठेवा. पुढचे काही टाके त्या टोकांवरूनच विणा. उरलेलं टोक मोठ्या नेढ्याच्या बोथट सुईत ओवा आणि टाक्यांच्या आतून एकदा पुढे, एकदा मागे, पुन्हा पुढे न्या. दिशा बदलली की धागा अडकून बसतो. कात्रीची घाई नको. बॅग धुऊन, वाळवून, जरा ताणून बघा, मग कापा. ओली टोकं तळहातावर चोळून जोडायची ट्रिक रील्समध्ये भारी दिसते, पण ती खऱ्या लोकरीवरच चालते.

आणि रंग सारखे बदलत असाल तर टोकं त्या-त्या ओळीतच आवरा. शेवटी चाळीस टोकं एकदम समोर आली की प्रोजेक्ट कपाटात जातो!

लालबाग-परळला हे काम नवीन नाही. इथल्या गिरण्यांच्या वाइंडिंग खात्यात बायका मोठ्या संख्येनं होत्या. सूत गुंडाळताना तुटलं की टोकाला टोक जोडायचं, तेही साच्यावर अडकणार नाही अशा बारीक गाठीनं. मजुरी मिळायची गुंडाळलेल्या मालावर. सूत कच्चं निघालं, सारखं तुटलं, तर गाठी मारण्यात गेलेला वेळ त्या बाईचाच बुडायचा. 18 जानेवारी 1982 ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतर अनेक गिरण्या पूर्वीसारख्या उभ्या राहिल्याच नाहीत. फिनिक्स मिलच्या आवारात आज मॉल आहे.

इन्स्टावर ऑर्डर घेणाऱ्यांचं गणित आजही तिथेच चुकतं. किंमत लावताना धागा मोजला जातो, विणायचे तास मोजले जातात. टोकं आवरण्यात गेलेला तास मात्र कुणी धरत नाही. मग पैसे परवडेनात की पहिली काटछाट तिथेच होते, आणि महिन्याभरात उसवलेल्या बॅगेचा फोटो डीएममध्ये येतो.

पुढच्या ऑर्डरला घड्याळ लावून बघा. जेवढा वेळ लागेल तेवढा बिलात धरा. ‘एवढी महाग का?’ असं कुणी विचारलंच, तर बॅग उलटी करून आतली बाजू दाखवा.