ओव्हरफ्लो : चेतकपासून ॲक्टिव्हापर्यंत

१ एप्रिल २०२० रोजी बीएस-सहा नियम लागू झाले आणि नव्या पेट्रोल स्कूटरमधला कार्बोरेटर संपला. त्याच्या जागी इंधन मोजून फवारणारं इंजेक्शन आलं. त्याआधीची जवळपास सहा दशकं मराठी माणसाची स्कूटर कार्बोरेटरवर चालली आणि त्या काळात प्रत्येक गॅरेजला एक तक्रार नेमाने ऐकावी लागली : ‘कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतोय.’ स्कूटरखाली पेट्रोल ठिपकतंय, प्लग ओला आहे, किक मारून पाय दुखले तरी इंजिन पकडत नाही, ही तिची लक्षणं. सहा दशकांत ती बदलली नाहीत. कारणं मात्र बदलत गेली.

आपल्याकडे स्कूटर दोन वाटांनी आली. मुंबईत एपीआय या कंपनीने इटलीच्या लॅम्ब्रेटाची जोडणी सुरू केली आणि पुण्यात बजाजने पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनवली. १९७१ मध्ये परवान्याची मुदत संपली, १९७२ मध्ये चेतक आली. पुढे साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यातून प्रिया बाहेर पडू लागली. नावं बदलली, पण व्हेस्पाच्या घराण्यातल्या या सगळ्या गाड्यांची इंधनाची वाट एकच राहिली. सीटखाली टाकी, तिच्याखाली पेट्रोल कॉक आणि उजव्या साइड पॅनेलच्या आत, एअर फिल्टरखालच्या डब्यात कार्बोरेटर. पंप नाही. पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली उतरणार.

उतरणारं हे पेट्रोल अडवायचं काम फ्लोट आणि निडल करतात. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीतला गोळा पाणी भरल्यावर नळ बंद करतो, तसाच हा प्रकार. कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल चढलं की पोकळ फ्लोट वर येतो आणि निडलचं टोक तिच्या बैठकीवर दाबून वाट बंद करतो. ही वाट पूर्ण बंद झाली नाही की ओव्हरफ्लो. पेट्रोल डब्यात सांडतं, तिथून जमिनीवर ठिपकतं आणि इंजिनच्या पोटातही उतरतं. मग सिलिंडरमध्ये हवा कमी, पेट्रोल जास्त अशी स्थिती होते आणि ओल्या प्लगवर ठिणगी पडूनही काही पेटत नाही.

चेतकच्या काळात या बिघाडामागे टंचाईसुद्धा होती. स्कूटर नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे, म्हणून हातात आलेली गाडी लोक वीस-वीस वर्षं वापरत, मुलाच्या कॉलेजसाठीही तीच ठेवत. इतक्या वर्षांत निडलच्या टोकावर बैठकीचा गोल व्रण उमटे आणि तिथून पेट्रोल झिरपे. लोखंडी टाकीतला गंज खाली येऊन निडलखाली अडके. शिवाय ही टू-स्ट्रोक गाडी, पेट्रोलमध्येच टूटी ऑइल. गाडी उभी राहिली की पेट्रोल उडून जाई, ऑइल मागे राहून चिकट होई आणि निडल अडकून बसे. म्हणून गाडी लावताना कॉक बंद करण्याची शिस्त घराघरांत होती. तिच्यामागचं कारण पक्कं होतं : निडल खराब असली तरी कॉक बंद असेल तर रात्रभर पेट्रोल उतरत नाही.

त्या काळाने एक सवयही दिली, स्कूटर एका बाजूला कलंडवून मग किक मारण्याची. तिरकी केल्यावर वाटीतली पातळी हलते आणि थोडं जास्त पेट्रोल आत जातं. थंड, कोरड्या कार्बोरेटरला त्याचा फायदा होई. आधीच तुडुंब झालेल्या इंजिनाला मात्र त्याने आणखी बुडवलं. गाडी चालू होत नाही, एवढ्यावरून पेट्रोल कमी की जास्त हे कळत नाही. त्यासाठी प्लग काढून बघावा लागतो. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही, ओला असेल तर जास्त पोचतंय. चांगल्या मेकॅनिकचा हात आधी प्लग पान्ह्याकडे जाई, तो यासाठी.

प्लग ओला निघाला की पुढचा क्रम ठरलेला असे. कॉक बंद, चोक मागे, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा आणि प्लग काढून काही किका, म्हणजे आतलं पेट्रोल बाहेर पडतं. या वेळी प्लगची वायर भोकापासून लांब आणि नीट अर्थ केलेली हवी. उडणाऱ्या पेट्रोलच्या वाफेला एक ठिणगी पुरते. प्लग पुसून बसवला की गाडी बहुधा चालू होते. इथे अनेक जण थांबत आणि चार दिवसांनी पुन्हा गॅरेजात येत. कारण ही सुटका होती, दुरुस्ती नव्हती.

दुरुस्ती पेट्रोलच्या वाटेनेच करावी लागते, वरून खाली. कॉक बंद केल्यावर पाइपातून पेट्रोल खरंच थांबतं का? कार्बोरेटरच्या तोंडाशी असलेली जाळी स्वच्छ आहे का? निडलच्या टोकावर व्रण आहे का, बैठकीत कचरा आहे का? फ्लोट कानाजवळ हलवला तर आत पेट्रोल खळखळतं का? तसं असेल तर फ्लोटला चीर गेलेली आहे. तो जड होऊन बुडतो आणि वाट बंदच करत नाही. चोक पूर्ण मागे जातो का, एअर फिल्टर चोंदलाय का, हे शेवटी. हवा अडली तरी प्लग ओला होतो, पण जमिनीवर पेट्रोल ठिपकत नाही. एवढ्या एका फरकाने निम्मा शोध संपतो. आणि मिश्रणाचा स्क्रू? तो फिरवून ओव्हरफ्लो कधीच थांबत नाही. उलट त्याने गाडीचं ट्यूनिंग जातं आणि मूळ दोष झाकला जातो.

२००१ मध्ये होंडाची ॲक्टिव्हा आली आणि स्कूटरचा काळ पालटला. फोर-स्ट्रोक इंजिन, गिअर नाहीत, बटण स्टार्ट. कॉकही आपोआप चालणारा, इंजिन फिरताना तयार होणाऱ्या ओढीने उघडणारा आणि इंजिन थांबलं की बंद होणारा. कॉक बंद करायची शिस्त त्यामुळे विसरली गेली. पण त्या कॉकमधला रबरी पडदा फाटला की ओढीच्या नळीतून पेट्रोल थेट इंजिनकडे जाऊ लागे. दोष कॉकमध्ये आणि लक्षणं कार्बोरेटरची, असा नवा पेच उभा राहिला. फोर-स्ट्रोक गाडीत एक जास्तीचा धोकाही होता. जास्तीचं पेट्रोल पिस्टनच्या कडेने उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. ऑइल पातळ होतं, त्याची पातळी वाढते, पेट्रोलचा वास येतो. अशा वेळी नुसती निडल बदलून गाडी देणं म्हणजे इंजिनची झीज गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधणं. ऑइल बदलायलाच हवं.

दरम्यान पेट्रोलही बदलत होतं. २००३ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांत पाच टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली. २०२२ मध्ये देशभराचं प्रमाण दहा टक्क्यांवर पोचलं आणि २०२३ पासून वीस टक्क्यांचं पेट्रोल पंपांवर आलं. इथेनॉल ओलावा ओढून घेतं, आणि त्याचा विचार न करता बनवलेली जुनी रबरं त्यात फुगतात किंवा कडक होतात. आज जुन्या चेतकची पेट्रोल नळी, वॉशर आणि निडलचं टोक बदलताना इथेनॉल सोसणारा माल मागून घ्यावा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून वाटी रिकामी करावी.

कार्बोरेटरच्या स्कूटर अजून रस्त्यावर आहेत : दूधवाल्यांकडे, छोट्या दुकानदारांकडे, वडिलांची गाडी जपणाऱ्या मुलांकडे. त्या दुरुस्त करणारी पिढी मात्र वयाने उतरणीला लागली आहे आणि तिचं ज्ञान बहुतांशी हातात आहे, कागदावर नाही. ते मराठीत लिहून ठेवणं हे आता तातडीचं काम आहे, आणि ते फक्त जुन्या गाड्यांसाठी नाही. इंजेक्शनच्या गाडीत बिघाडाचा दिवा लागतो, स्कॅनर कोड दाखवतो. पण कोड लक्षण सांगतो, कारण दर वेळी सांगत नाही. कोड दिसला म्हणून महागडा सेन्सर बदलण्याआधी त्याची वायर, जोडणी आणि पेट्रोलचा दाब तपासणारा मुलगाच चांगला मेकॅनिक ठरेल.