कोयत्याच्या हिशेबातलं वय

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणीच्या वाड्या-वस्त्यांवर घरांना कुलपं लागायला सुरुवात होते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बाजरीची पोती, भांडीकुंडी, शेळ्या, लेकरं चढतात आणि टोळी ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे, नाहीतर कर्नाटकाकडे निघते. टोळी ठरवणाऱ्या मुकादमाच्या वहीत ‘कोयता’ म्हणजे हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, मिळते ती या जोडीला. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता.

या हिशेबात वय कुठे हरवतं, ते एका सिद्धांताच्या उजेडात दिसतं. माणसाची घडण बालपणात संपत नाही, ती मरेपर्यंत चालू राहते, असं मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन याने १९५० साली ‘चाइल्डहूड अँड सोसायटी’ या ग्रंथात मांडलं आणि आयुष्याचे आठ टप्पे सांगितले. किशोरवयातला प्रश्न ‘मी कोण?’ हा. त्याचं उत्तर शोधायला समाज तरुणांना सवड देतो. चुकायची, शिकायची, वाट बदलायची. या सवडीला एरिक्सनने नाव दिलं ‘मोरॅटोरियम’. शब्द कर्जव्यवहारातला आहे: परतफेडीआधी मिळणारी मुदत.

बीडमध्ये नेमकी हीच मुदत उचल खाऊन टाकते. पूर्ण कोयत्याची उचल हवी तर लग्न हवं. शिवाय हंगामाचे सहा महिने वयात आलेल्या मुलीला कुणाच्या भरवशावर ठेवायचं, हा आईबापांचा घोर खराच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या ४३.७ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. राज्याचं प्रमाण याच्या निम्मं, २१.९ टक्के. एरिक्सनच्या क्रमात आधी स्वतःची ओळख, मग जोडीदाराशी जवळीक. इथे मुलगी आधी जोडी होते. निर्णयाचा तोल सांभाळणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. तोवर तिच्या पदरात दोन लेकरं असतात.

मधल्या वयाचं तर शरीरच हिरावलं जातं. उसाच्या फडात पाळीचे दिवस म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे दंड. मुक्कामाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, न्हाणीघर नाही, पुरेसं पाणी नाही. दुखणं वाढलं की उपाय एकच सुचवला जातो, ‘पिशवी काढा’. २०१९ साली सरकारने नेमलेल्या, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी आली. त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. सोबत बीजकोशही काढले गेले, तर इस्ट्रोजेन एकदम घटतं, हाडं ठिसूळ होऊ लागतात आणि म्हातारपणाची दुखणी ऐन उमेदीत मागे लागतात. पुढच्या पिढीला घडवण्यातून येणारी तृप्ती एरिक्सनने याच वयाच्या पदरात टाकली होती.

गावी मागे राहिलेल्या लेकरांना घडवण्याचं ते काम मग आजी-आजोबांवर येतं. एरिक्सनच्या मते उतारवय म्हणजे जगलेल्या आयुष्याकडे वळून पाहण्याचं, ते आपलंसं करण्याचं. बीडच्या आजीला तेवढी उसंत नाही. हंगामी वसतिगृहामुळे शाळेत जेवणाची सोय होते, तरी पहाटे पाणी तापवणं, नातीची वेणी घालणं, रात्री आईच्या आठवणीने रडणाऱ्या धाकट्याला कुशीत घेणं तिच्याकडेच. हे ओझं आहे आणि आधारही. घरात आपली गरज आहे ही जाणीव तिला उभी ठेवते.

ज्या वर्षी तिचे गुडघे साथ देत नाहीत, त्या वर्षी नातवंडंही ट्रॉलीत चढतात. शाळेच्या हजेरीपटावर त्यांच्या नावापुढचे रकाने थेट उन्हाळ्यापर्यंत रिकामे राहतात.